सुई देणारा हात : व्यसनग्रस्तांपर्यंत आरोग्यसाहित्य पोहोचविण्याचे मार्ग



अमली पदार्थ टोचून घेणाऱ्या व्यक्तीला नवी, निर्जंतुक सुई विनामूल्य देण्याचे कार्य आपल्या देशात चालते आणि तेही शासनाच्या निधीतून व शासनाच्या संमतीने चालते, हे ऐकून आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटते; काहींना धक्काही बसतो. ज्याला व्यसनापासून दूर करायचे, त्याच्याच हाती सुई कशी द्यायची? हे साहाय्य की प्रोत्साहन? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे कार्य प्रत्यक्षात कसे चालते, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील वाचकांना हा विषय मुंबईचा, आपला नव्हे, असे वाटण्याची शक्यता आहे. परंतु आपल्या गावांतील तरुण मुंबई, ठाणे, सुरत येथे कामासाठी जातात आणि सणासुदीला परत येतात. भुसावळ हे देशातील मोठे रेल्वे जंक्शन आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. माणसे ज्या वाटेने ये-जा करतात, त्याच वाटेने त्यांची दुखणीही ये-जा करतात. म्हणून या विषयाची माहिती आपल्या धर्मग्रामांतही असावयास हवी.

सुईतून काय संक्रमित होते?

गर्द, अर्थात ब्राऊन शुगर, किंवा वेदनाशामक औषधांची इंजेक्शने शिरेत टोचून घेणारी व्यक्ती प्रत्येक वेळी थोडे रक्त सिरिंजमध्ये ओढते. तीच सिरिंज दुसऱ्याने वापरली की ते रक्त त्याच्या शिरेत जाते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या तिन्ही रोगांचे विषाणू या मार्गाने पसरतात. त्यांपैकी हिपॅटायटिस सीचा विषाणू तर सिरिंजमध्ये कित्येक आठवडे तग धरू शकतो. केवळ सुईच नव्हे, तर पदार्थ विरघळविण्याचे भांडे, गाळण्याचा कापूस आणि पाणी यांच्या सामायिक वापरातूनही संसर्ग होतो.

सुया दुर्मिळ झाल्याने व्यसन थांबते का? याचे उत्तर स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराने फार मोठी किंमत देऊन दिले. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे पोलिसांनी सिरिंजा जप्त करण्याचा सपाटा लावला आणि औषध दुकानदारांनी त्या विकणे थांबविले. व्यसन थांबले नाही. सुया मात्र कमी पडल्या आणि एका सुईभोवती अनेक जण जमू लागले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील एका दवाखान्यातील टोचून घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले. जवळच्या ग्लासगो शहरात हे प्रमाण कितीतरी कमी होते.

आपल्या देशात मणिपूरने हेच दुःख भोगले. १९८९ पर्यंत तेथील टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचा मागमूस नव्हता. १९९० मध्ये अवघ्या काही महिन्यांत त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे बाधित झाले. त्यानंतर १९९० च्या दशकातच मणिपूरने निर्जंतुक सुया पुरविण्याचा मार्ग स्वीकारला.

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे साडेआठ लाख लोक अमली पदार्थ टोचून घेतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजेच नॅकोच्या, पाहणीत या गटातील एचआयव्हीचे प्रमाण २०१७ साली ६.२६ टक्के, तर २०२१ साली ९.०३ टक्के आढळले. देशातील एकूण प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. या आकड्यांमागे पत्नी आहेत, अपत्ये आहेत, जन्माला यावयाची बालके आहेत. ज्यांनी कधी सुई पाहिलीही नाही, अशांपर्यंत तिचे परिणाम पोहोचतात.

याच अनुभवातून जगभर ‘हानी कमी करणे’ ही कार्यपद्धती उभी राहिली. तिचा विचार साधा आहे. व्यसन सुटणे हे इष्टच आहे; पण ते सुटेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे, आणि त्याच्यामुळे दुसऱ्याला रोग होता कामा नये. अशा कार्यक्रमामुळे व्यसन वाढत असल्याचा पटण्याजोगा पुरावा आढळत नाही, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात नोंदविला आहे.

संचात काय असते?

साहित्य म्हणजे केवळ सुई नव्हे. वेगवेगळ्या आकारांच्या सुया व सिरिंजा, त्वचा पुसण्यासाठी स्पिरिटचे बोळे, वापरलेल्या सुया ठेवण्यासाठी न भोसकला जाणारा डबा, निरोध, तसेच गळू व जखमांसाठी मलमपट्टी असे त्याचे स्वरूप असते. चुकीच्या जागी किंवा अस्वच्छ सुईने टोचल्यामुळे हातापायांवर मोठाली गळवे होतात आणि त्या जखमांमुळे ही माणसे रुग्णालयात जाण्यास लाजतात. म्हणून मलमपट्टी ही पुष्कळदा पहिली भेट घडवून आणणारी गोष्ट ठरते.

अतिमात्रेमुळे श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. गर्द व तत्सम अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेवर नालॉक्सोन हे औषध उतारा म्हणून काम करते आणि वेळेवर दिल्यास थांबू पाहणारा श्वास पुन्हा सुरू होतो. अशा प्रसंगी जवळ असण्याची शक्यता असलेल्या लोकांना, म्हणजे मित्रांना व कुटुंबीयांना, हे औषध उपलब्ध असावे व त्याचा वापर शिकविलेला असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली केली. काही देशांत टोचण्याऐवजी धूर घेणाऱ्यांसाठी पन्नीही दिली जाते. ब्रिटनने त्यास २०१४ मध्ये परवानगी दिली. टोचण्यापेक्षा धूर घेण्यात रक्तातून संसर्गाचा धोका पुष्कळ कमी असतो, हे त्यामागचे कारण.

वाटपाचे मार्ग

या कार्याचा खरा प्रश्न साहित्य मिळविण्याचा नाही. सिरिंज ही काही रुपयांत मिळणारी वस्तू आहे. प्रश्न आहे तो ती योग्य वेळी, योग्य ठिकाणी, योग्य हातातून पोहोचविण्याचा. त्यासाठी निरनिराळे मार्ग वापरले जातात.

पहिला मार्ग म्हणजे केंद्र. त्याला ‘ड्रॉप-इन सेंटर’ म्हणतात. ही दोन-तीन खोल्यांची साधी जागा असते. तेथे येणाऱ्यास अंघोळ करता येते, काही वेळ विसावता येते, जखमेची मलमपट्टी होते, समुपदेशक भेटतो आणि जाताना साहित्य मिळते. केंद्राचा लाभ असा की एकाच ठिकाणी अनेक सेवा मिळतात. मर्यादा अशी की जो येतो त्यालाच त्या मिळतात. दूर राहणारा, दिवसभर मजुरी करणारा, पोलिसांना घाबरणारा किंवा ओळखले जाण्याची लाज वाटणारा तेथे येत नाही. स्त्रिया तर फारच क्वचित येतात.

म्हणून दुसरा मार्ग आहे तो आपण होऊन जाण्याचा. कार्यकर्ते पिशवीत साहित्य घेऊन पुलांखाली, रेल्वेमार्गालगत, बंद पडलेल्या इमारतींत जातात. नॅकोच्या प्रकल्पांत यासाठी ‘पिअर एज्युकेटर’ नेमलेले असतात. साधारणतः ४० व्यक्तींमागे असा एक कार्यकर्ता असतो. तो बहुधा स्वतः त्याच वाटेवरून आलेला असतो. कोणाला सकाळी लवकर अंगदुखी, मळमळ व कंप सुरू होतात, कोणता अड्डा कालच्या धाडीनंतर हलला, कोण दोन दिवस दिसला नाही, हे त्याला ठाऊक असते. पदार्थ न मिळाल्याने शरीर तळमळू लागले की माणूस स्वच्छ सुईची वाट पाहत बसत नाही. जी हाताशी असेल ती वापरतो. म्हणून कार्यकर्त्याने त्या घटकेच्या आधी पोहोचणे महत्त्वाचे असते. दहा ते पाच या कार्यालयीन वेळेत हे काम होत नाही.

तिसरा मार्ग मित्राकडून मित्राकडे जाणारा आहे. कार्यकर्त्याशी ओळख असलेला माणूस आपल्या गरजेपेक्षा अधिक सुया नेतो आणि जे पुढे येत नाहीत त्यांना देतो. पूर्वी काही ठिकाणी याकडे गैरवापर म्हणून पाहिले जाई. आता हा मार्ग मुद्दाम स्वीकारला जातो, कारण लपून राहणाऱ्यांपर्यंत, विशेषतः स्त्रियांपर्यंत, पोहोचण्याचा अनेकदा तोच एकमेव मार्ग असतो. त्यातील उणीव एवढीच की अशा माणसाशी कार्यकर्त्याची प्रत्यक्ष भेट होत नाही, आणि त्यामुळे तपासणी व उपचार यांची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

चौथा मार्ग औषधाच्या दुकानाचा. न्यूझीलंडने १९८८ साली आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा आरंभच औषध दुकानांतून केला. आपल्याकडे सिरिंज विकत घेण्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नसते. तरीही मळक्या कपड्यांतील तरुणाने सिरिंज मागितली की अनेक दुकानदार ‘संपल्या’ असे सांगून त्याला परत पाठवितात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण एडिंबरा शहरात जे घडले, त्याचा आरंभ अशाच नकारांतून झाला होता. नेदरलँड्सच्या अॅम्स्टरडॅम शहरातही १९८४ साली एका दुकानदाराने विक्री थांबविल्यानंतर व्यसनग्रस्तांच्या संघटनेनेच सुयांचे वाटप हाती घेतले आणि जगातील अशा पहिल्या कार्यक्रमांपैकी एक सुरू झाला.

पाचवा मार्ग यंत्रांचा व फिरत्या वाहनांचा. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत रुग्णालयाबाहेर बसविलेल्या यंत्रातून रात्री-अपरात्रीही साहित्य मिळते. यंत्र कोणाला प्रश्न विचारीत नाही, हा त्याचा गुण. आणि ते कोणाची विचारपूसही करीत नाही, हा त्याचा दोष. फिरते वाहन ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी थांबते आणि सोबत परिचारिका असल्यास तपासणीही करता येते. वस्त्या विखुरलेल्या असतील तेथे हा मार्ग उपयोगी पडतो.

किती द्यावे, आणि परत घ्यावे का?

दिवसातून दोन-तीनदा टोचणाऱ्या व्यक्तीस वर्षाला सातशे ते हजार सुया लागतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रतिव्यक्ती वर्षाला २०० हून अधिक सुया पोहोचल्या, तर व्याप्ती चांगली मानली जाते. आरंभीच्या काळात ‘जुनी एक द्या, नवी एक घ्या’ असा काटेकोर नियम अनेक ठिकाणी होता. परंतु वापरलेली सुई खिशात बाळगणे म्हणजे पोलिसांच्या हाती पुरावा देणे, अशी भीती लोकांना वाटे. रस्त्यावर राहणाऱ्याजवळ ती सांभाळण्यास जागाही नसे. रिकाम्या हाताने आलेल्याला परत पाठविले, तर तो त्या दिवशी दुसऱ्याची सुई वापरणार हे उघड होते. म्हणून आता जुनी सुई आणण्याचा आग्रह धरावा, पण ती नाही म्हणून नवी नाकारू नये, असे धोरण श्रेयस्कर मानले जाते.

परत घेण्याचे काम मात्र वाटपाइतकेच महत्त्वाचे आहे. कार्यकर्ते अड्ड्यांवर पडलेल्या सुया चिमट्याने उचलून जाड डब्यात गोळा करतात. त्या कापून, निर्जंतुक करून जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार त्यांची विल्हेवाट लावली जाते. कचरा वेचणाऱ्या बालकांच्या आणि सफाई कामगारांच्या हातांचे रक्षण यातूनच होते. ज्या वस्तीत हे काम नीट चालते, तेथील रहिवाशांचा विरोधही कमी होतो.

सुईऐवजी गोळी

याच साखळीतील पुढचा दुवा म्हणजे पर्यायी औषधोपचार. यात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवण्यास दिली जाते. तिच्यामुळे शरीराची तळमळ शमते, टोचण्याची गरज उरत नाही आणि माणूस कामावर जाऊ शकतो. मेथाडोन हे दुसरे औषध भारतात २०१२ पासून मर्यादित केंद्रांत दिले जाऊ लागले. गोळीचा गैरवापर होऊ नये म्हणून ती रोज केंद्रावर येऊन परिचारिकेसमोर घ्यावी लागते. क्षयरोगाच्या ‘डॉट्स’ पद्धतीशी परिचित असलेल्यांना ही रीत सहज समजेल. पण जो माणूस रोज वीस किलोमीटरवरून येणार, त्याची मजुरी बुडते. २०२० च्या टाळेबंदीत नॅकोने स्थिर रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा दिली. अडचणीच्या काळात घेतलेल्या त्या निर्णयाने हेही दाखविले की औषध माणसाच्या जितके जवळ न्यावे, तितके त्याचे उपचारात टिकून राहणे सुलभ होते.

मुंबईतील अनुभव

महाराष्ट्रात या कार्याचे मुख्य क्षेत्र मुंबई हे आहे. एल्ड्रेड टेलीस यांनी १९९५ साली स्थापन केलेली ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ ही तेथे सुई-वाटप व पर्यायी औषधोपचार चालविणाऱ्या जुन्या संस्थांपैकी एक आहे. रस्त्यावर राहणाऱ्या व्यसनग्रस्तांमध्ये काम करताना, सुई देऊन प्रश्न सुटत नाही, रोग झालेल्यांना औषध मिळाले पाहिजे, हे या संस्थेस जाणवले. हिपॅटायटिस सीवरील पेगिलेटेड इंटरफेरॉन या औषधाची किंमत गरिबांच्या आवाक्याबाहेर होती. रोश या कंपनीच्या त्या औषधावरील पेटंटला संकल्पने आव्हान दिले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाने ते पेटंट रद्द केले. पुढे अधिक परिणामकारक गोळ्या आल्या आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हिपॅटायटिस सीचे उपचार शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळू लागले.

याच राज्यात व्यसनमुक्तीची दुसरी, अधिक परिचित परंपराही आहे. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले आणि वसईतही त्याचे केंद्र उभे राहिले. डॉ. अनिल अवचट व डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ स्थापिले; अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने तर मराठी घराघरांत या विषाची ओळख करून दिली. या संस्थांचा मार्ग संपूर्ण मुक्तीचा आहे. तो मार्ग आणि सुई-वाटपाचा मार्ग एकमेकांच्या विरोधी आहेत, असे समजण्याचे कारण नाही. जो म्हणतो ‘मला सोडायचे आहे’, त्याच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्राचे दार आहे. ज्याच्या तोंडी ते शब्द अद्याप आलेले नाहीत, त्याच्याकडे कोणी जावयाचे? रोज सकाळी पिशवी घेऊन येणारा कार्यकर्ता त्याच्याकडे जातो. आणि ज्या दिवशी ते शब्द निघतात, त्या दिवशी ते ऐकण्यास बहुधा तोच जवळ असतो.

कायदा काय म्हणतो?

१९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा सेवन हा गुन्हा मानतो. मात्र त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीस अटींसह अभियोगापासून सूट देण्याची तरतूद आहे. सुई-वाटप करणारे कार्यकर्ते मात्र अनेक वर्षे संभ्रमात होते. त्यांना गुन्ह्यास साहाय्य करणारे समजले जाण्याची भीती होती. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ याने ती दूर केली. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम २२ नुसार एचआयव्हीचा धोका कमी करण्याच्या कार्यक्रमांतर्गत स्वच्छ सुई देणारा आणि ती घेणारा या दोघांवरही त्या कृतीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. पर्यायी औषधोपचारासही हेच संरक्षण आहे. अर्थात अमली पदार्थ बाळगणे व विकणे हे गुन्हेच राहतात.

ख्रिस्तसभेतील विचारमंथन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातील परिच्छेद २२९१ मध्ये उपचाराव्यतिरिक्त अमली पदार्थांचे सेवन हा गंभीर अपराध असल्याचे स्पष्ट केले आहे. याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो दुसऱ्याच्या या चुकीच्या कृतीतील हानी कमी करण्यास हातभार लावावा का, याविषयी.

सिडनी शहरात १९९९ साली सेंट व्हिन्सेंट रुग्णालय चालविणाऱ्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी या धर्मभगिनींनी देखरेखीखाली टोचून घेण्याचे केंद्र चालविण्याची तयारी दर्शविली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत परिषदेने त्यांना माघार घेण्यास सांगितले आणि त्यांनी ते मानले. पुढे मे २००१ मध्ये युनायटिंग चर्चने ते केंद्र सुरू केले. याउलट न्यू यॉर्क राज्यातील ऑल्बनी धर्मप्रांतात २०१० साली कॅथोलिक चॅरिटीजने बिशप हॉवर्ड हबर्ड यांच्या संमतीने सुई-अदलाबदलीचा कार्यक्रम हाती घेतला. त्यावर टीका झाली. परंतु नीतिशास्त्राच्या कसोटीवर विचार करूनच हा निर्णय घेतल्याचे धर्मप्रांताने सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी जून २०१४ मध्ये पर्यायी औषधांविषयी नापसंती व्यक्त केली. त्यांच्या मते तो पुरेसा उपचार नसून समस्येपुढे पत्करलेली छुपी शरणागती होती.

या निर्णयांत दिसणारा फरक समजण्यासाठी परंपरागत नीतिशास्त्रातील एक भेद उपयोगी आहे. दुसऱ्याच्या चुकीच्या कृतीस मनाने संमती देऊन सहभागी होणे हे कधीही योग्य नसते. परंतु ती कृती मान्य नसताना, मोठे अनिष्ट टाळण्यासाठी दूरचा, बाह्य सहभाग घडत असेल, तर कारण किती गंभीर आहे, सहभाग किती दूरचा आहे आणि लोकांचा गैरसमज कसा टाळता येईल, हे पाहून निर्णय करावा लागतो. कृती ज्या खोलीत घडते ती खोलीच चालविणे, आणि जुनी सुई घेऊन नवी देताना त्या माणसाला तपासणीस चालण्याची विनंती करणे, यांत अंतर आहे. ते किती महत्त्वाचे मानावे, यावर सुज्ञ व श्रद्धावान माणसांत मतभिन्नता राहिली आहे. आपल्यापैकी कोणाला असे कार्य स्वतः करणे विवेकबुद्धीस पटणार नाही. त्यांच्यावर कोणतीही सक्ती नाही. परंतु जे ते करतात त्यांची हेटाळणी करणे, किंवा ज्यांच्यासाठी ते केले जाते त्यांना मरणास योग्य समजणे, हे कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही. प्रभूच्या दाखल्यातील शोमरोनी मनुष्याने जखमीला प्रथम मलमपट्टी केली, धर्मशाळेत नेले आणि आपण पुन्हा येऊ असे सांगितले; तो त्या वाटेने एकटा का निघाला होता, याची चौकशी त्याने केली नाही.

खानदेशापुरते

हा मार्ग जसाच्या तसा आपल्याकडे आणणे मात्र शहाणपणाचे नाही. मालेगाव-धुळे पट्ट्यात पोलीस कारवायांच्या बातम्यांतून प्रामुख्याने पुढे येतात त्या ‘कुत्ता गोळी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामच्या गोळ्या आणि कोडिनयुक्त खोकल्याची औषधे. शिरपूर तालुक्यात गांजाची शेती वारंवार उद्ध्वस्त केली जाते. गावठी दारू तर सर्वत्र आहे. गोळी गिळणाऱ्याला सुई देण्यात अर्थ नाही. तेथे पोहोचवावयाचे साहित्य म्हणजे अचूक माहिती : अशी गोळी दारूबरोबर किंवा कोडिनबरोबर घेतल्यास श्वास बंद पडू शकतो, आणि दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करावी. ही माहिती भिंतीवरील फलकाने पोहोचत नाही. ती त्याच नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, त्याच भाषेत बोलणाऱ्या तरुणाकडून पोहोचते. वाटपाचा जो नियम सुईला लागू, तोच येथेही लागू आहे.

धर्मग्रामात आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

१. शहरातून परतलेला मुलगा टोचून घेत असल्याचे कळले, तर त्याला घराबाहेर काढू नये आणि बातमी गावभर करू नये. शासकीय रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी विनामूल्य व गोपनीय असते. हिपॅटायटिस बी व सीची तपासणीही डॉक्टरांना अवश्य करावयास सांगावी.

२. नशेत बेशुद्ध पडलेल्याला ‘उतरेल आपोआप’ म्हणून सोडू नये. श्वास मंद असेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवून ठेवावे आणि एकटे टाकू नये.

३. मैदानात वा कचऱ्यात सुई आढळल्यास तिला हात लावू नये व तिच्यावर टोपण बसविण्याचा प्रयत्न करू नये. चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत ठेवावी आणि रुग्णालयात द्यावी. टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच शासकीय रुग्णालय गाठावे. प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत, सुरू करावे लागते.

४. आपल्यातील जे औषध दुकान चालवितात, त्यांनी चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या व कोडिनची औषधे देऊ नयेत. पण सिरिंज मागणाऱ्यास अपमानित करून परत पाठवू नये. शक्य असल्यास दोन शब्द बोलावेत आणि उपचाराचे ठिकाण सांगावे.

५. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७ हे शासनाचे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावावेत.

बंधुभगिनींनो, या कार्याच्या चाळीसएक वर्षांच्या अनुभवाचे सार असे की वस्तू क्षुल्लक असते. ती कोण देतो, केव्हा देतो आणि उद्या पुन्हा येतो की नाही, यावर सारे अवलंबून असते. आपल्या धर्मग्रामात कोणी सुया वाटेल वा न वाटेल. पण व्यसनात सापडलेल्या एखाद्या तरुणाकडे दर आठवड्याला जाणारा, त्याची जखम पाहणारा आणि तो ‘आता सोडायचे’ म्हणेल त्या दिवशी त्याच्यासोबत रुग्णालयाची पायरी चढणारा एक तरी मनुष्य प्रत्येक धर्मग्रामात असावा. त्याची निवड आपण येत्या धर्मग्राम परिषदेतच करू शकतो.